ताईला काय सांगू?

सेंट लुइस
रविवार, रात्र

प्रिय अनू,

मी बरी आहे. सर्दी होऊन गेली. आमच्या आईने विचारलं तर एवढंच सांग. आता मुद्द्याचं.

काल ताईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग तिने विचारलं, "तू तिथे दिवसभर नक्की करतेस काय गं?" मी "मेंदू, प्रतिकारशक्ती" असं काहीतरी म्हणाले आणि पमीच्या लग्नाचा विषय काढला. तिने हसून सोडून दिलं. पण मी काहीतरी गाळलं हे तिला कळलंय. तुझी बहीण आहे, तुला मी काय सांगू.

गाळलं ते हे: मी इथे उंदरांना तिचा आजार देते.

अगदी तोच मल्टिपल स्क्लेरोसिस नव्हे, पण त्याच्या जवळ जाणारा. मायलिनमधल्या एका प्रथिनाचा छोटा तुकडा, त्यात तेल आणि मारलेले क्षयाचे जंतू घोटून कातडीखाली टोचायचं. वर डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष. चेतातंतूंवरच्या वेष्टणासाठी डॉक्टरांनी काकूंना वायरवरच्या प्लास्टिकचं उदाहरण दिलं होतं ना, तेच मायलिन. मग उंदराच्या स्वतःच्याच टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, मज्जारज्जूत शिरून त्या मायलिनवर तुटून पडतात. पहिला आठवडाभर काही दिसत नाही. उंदीर खातो, पळतो, केजच्या जाळीला लटकतो. मग शेपूट जाते. निरोगी उंदराला शेपटीच्या मुळाशी धरून उचललं की शेपूट ताठरते, वळते. आजाऱ्याची नुसती लोंबते. तो स्कोअर १. मागचे पाय अडखळले की २, लुळे पडून ओढावे लागले की ३. पट्टी ५ पर्यंत आहे. रोज सकाळी वजन करायचं, चाल बघायची, आकडा वहीत लिहायचा. मी शिकाऊ, म्हणून शेजारची पोस्टडॉक (पीएचडी झालेली संशोधक) तोच उंदीर स्वतंत्रपणे बघते. कुठल्या केजला औषध दिलंय आणि कुठल्या नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत नसतं.

२ लिहिताना मला गणपतीतली ताई दिसते. उजवी चप्पल सारखी निसटत होती आणि काकू म्हणत होत्या, नवीन घे, ही सैल झालीय. चप्पल सैल नव्हती गं. आणि त्यानंतरचं ते अख्खं वर्ष. एक डॉक्टर म्हणाला ब-१२ कमी आहे, दुसरा म्हणाला लग्नाचं टेन्शन. मला आजही त्या दुसऱ्याचा राग येतो.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मी झुरळ कापलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "तुला काळीज नाही." कितीतरी दिवस बोलली नव्हतीस माझ्याशी. हल्ली केजपाशी ते वाक्य ऐकू येतं. (तेच झुरळ तुझ्या डब्याजवळ निघालं असतं तर तूच चपलेने मारलं असतंस, हे माझं मत अजून कायम आहे.) पण आता सांगते, काळीज लागतं. स्कोअर ३ झाला की उंदराला वरच्या जाळीतलं खाणं गाठता येत नाही, म्हणून मऊ जेल खाली ठेवायचं. लघवी तुंबलीय का ते पोट चाचपून बघायचं. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर त्याला त्रासात ठेवायचं नाही, त्याच दिवशी संपवायचं. हे सगळं मी पोस्टडॉकच्या हाताकडे बघून शिकले. ती ज्या हलक्या हाताने त्यांना उचलते, तसं मी इस्पितळात माणसांनाही उचललेलं फार कमी वेळा पाहिलंय.

डिसेंबरात माझं रोटेशन, म्हणजे या प्रयोगशाळेतली शिकाऊ फेरी, संपतं. मॅडमनी दोन कामं समोर ठेवलीत. एक हेच, उंदरांचं. दुसरं, पेशंटच्या पाठीतून काढलेल्या पाण्यातल्या पेशी मोजणं. ताईचं काढलं होतं, नंतर ती डोकं धरून दोन दिवस उताणी पडून होती, तेच पाणी. ते काम घेतलं तर ताईला ताठ मानेने सांगता येईल. पण मला उंदरांचं हवंय, अनू. जिवंत माणसाच्या मज्जारज्जूचा तुकडा कुणी देऊ शकत नाही. शेपूट लुळी पडायच्या आदल्या दिवशी आत काय चाललेलं असतं, ते फक्त इथेच दिसतं.

शिवाय उंदीर-रॅटनी औषध दिलंय, हे खरं आहे. १९९२ साली असाच आजार दिलेल्या रॅटमध्ये दिसलं की पांढऱ्या पेशींवरचा एक रेणू झाकला तर त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू शकत नाहीत आणि मेंदूत शिरत नाहीत. त्यातून नॅटालिझुमॅब हे औषध आलं, २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. टीएनएफ, म्हणजे दाह वाढवणारं एक प्रथिन, अडवला की हे उंदीर सुधारायचे. १९९९ मध्ये छापून आलेल्या चाचणीत माणसांचे रिलॅप्स, म्हणजे आजाराचे झटके, उलट वाढले. ताई ही दुसरी बाजूच धरून बसेल. विचारेल, "म्हणजे तुझा उंदीर बरा होईल आणि मी नाही?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक आनंदाचं सांगते, नाहीतर तू म्हणशील रडगाणंच लिहिलं. मेंदूला लसीकावाहिन्या (जादा द्रव आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी वाहून नेणाऱ्या नळ्या) नसतात असं सरांनी घोकून घेतलं होतं ना? असतात! मेंदूच्या आवरणात. २०१५ मध्ये व्हर्जिनिया आणि हेलसिंकीच्या दोन गटांनी दाखवल्या. व्हर्जिनियाच्या गटाचे प्रमुख किपनिस आता आमच्याच कॅम्पसवर आहेत. आणि फॉरेस्ट पार्कच्या पलीकडच्या कॅम्पसवर इटालियन शास्त्रज्ञ रिटा लेव्ही-मोंताल्चिनी काम करत होत्या. ज्यू म्हणून विद्यापीठाबाहेर काढल्यावर युद्धात झोपायच्या खोलीत कोंबडीच्या भ्रूणांवर प्रयोग करणाऱ्या. चेतापेशी वाढवणारा जो घटक इथे सापडला त्यासाठी त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं, आणि तोच घटक प्रतिकारशक्तीच्या मास्ट पेशीही वाढवतो हे त्यांनीच १९७७ मध्ये दाखवलं. आम्ही आज जे करतो त्याची सुरुवात त्यांनी केव्हाच करून ठेवलीय. मी तिथवर मुद्दाम चालत गेले होते.

तुझ्या बदलीचं काय झालं? सातारा मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर रागाच्या भरात राजीनामा देऊ नकोस. ईशानला दात आले का? फोटो पाठव. काकांचा गुडघा?

ताई पुढच्या महिन्यात मिरजेला रिटुक्सिमॅब या औषधाच्या सलाईनसाठी जाणार ना? मला तिला सगळं सांगायचंय, शेपटीपासून. सलाईनच्या आधी सांगू की नंतर, तेवढं तू ठरव. आणि मी फोन करेन तेव्हा तू तिच्याजवळ बस. तिने विचारलंच ते, तर निदान तू खोलीत असशील.

लगेच लिही.

तुझी,
सुमी