फोल्डर रिकामं दिसलं तर

पुणे,
१२ एप्रिल २०२६

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर मी काही सांगायला लागले की तुम्ही चार वेळा ‘हं’ म्हणता आणि शेवटी ‘ते सगळं लिहून पाठव’ म्हणता. म्हणून हे पत्र. वाचून झालं की माळ्यावर डब्याच्या, म्हणजे फोटो-कागद साठवायच्या आपल्या कॉम्प्युटरच्या, शेजारी खिळ्याला अडकवून ठेवा.

यंदा १ मे शुक्रवारी आलाय, म्हणजे तीन दिवस मिळतात. मी गुरुवारी रात्रीच्या एसटीनं निघून सकाळी पोचते. डब्याची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची आहे. आई, तुझ्या भाषेत सांगायचं तर गुरगुऱ्याचं डोकं बदलायचं, पोट तसंच ठेवायचं. पोटात काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे: बाबांच्या शाळेतल्या नाटकांचे फोटो, सातबारे, लग्नाचा व्हिडिओ आणि कॅसेटवरून उतरवलेल्या आजीच्या ओव्या. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालच्या कपाटातले अल्बम लगदा होऊन गेले आणि माळ्यावरचा डबा राहिला. तेव्हापासून त्या फोटोंची तीच एक जागा आहे, म्हणून एवढं लांबण लावतेय.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हा तुमचा प्रश्न मी सोडून दिलेला नाही. डब्यावर डेबियन नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची ११ वी आवृत्ती आहे. ती ऑगस्ट २०२१ मध्ये आली. तिच्यातली सुरक्षेची भोकं बुजवण्याचं काम ३१ ऑगस्ट २०२६ ला थांबतंय. त्या दिवशी डबा बंद पडणार नाही, तसाच गुरगुरत राहील. फक्त नंतर एखादं भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं ब्रिटनमधली कितीतरी सरकारी हॉस्पिटलं ठप्प केली होती. तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरला त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण ती ज्यांनी लावली नव्हती ते सापडले. टीव्हीला जोडलेला तुमचा जुना प्लेअर २०२२ पासून डब्याशी बोलत नाही, तोही याच घराण्यातला मामला. त्याला फाइल वाटून घ्यायची जुनी पद्धत तेवढी येते. डब्यातल्या नव्या सांबानं, म्हणजे घरात फाइल वाटणाऱ्या प्रोग्रामनं, ती आपणहून बंद ठेवली, आणि मीही पुन्हा चालू केली नाही. तुम्ही उगाच टीव्हीला बोल लावत होतात.

आता २०२२ ची गोष्ट. ती मी आजवर अर्धीच सांगितली होती.

तेव्हा डेबियन १० वरून ११ वर जायचं होतं आणि मी ते पुण्यातून, लॅपटॉपवरून केलं. ऑक्टोबरची संध्याकाळ, आणि तुमच्याकडे पाऊस. निम्मं झाल्यावर पडद्यावर प्रश्न आला की तुमची जुनी सेटिंगची फाइल ठेवू की नवी घेऊ. मी वाचत बसले आणि तेवढ्यात चिपळूणची लाइट गेली. डबा बॅटरीवर होता, राउटर नव्हता. माझा धागा तुटला आणि तिकडचं काम अर्ध्यात लटकलं. मग मी घाईत दुसरी चूक केली. बाबा, तुम्हाला म्हटलं, ‘बटण दाबून बंद करा आणि परत चालू करा.’ नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अर्धाच बसलेला होता. तो कुठून उठणार!

टीव्हीची केबल डब्याला जोडून, आईला टॉर्च धरायला लावून तुम्ही मला पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवत होतात. “के, ई, आर, एन, ई, एल... पुढे पॅनिक लिहिलंय. पॅनिक म्हणजे घाबरणं ना? मग घाबरू का?” मला हसू आलं होतं. खरंतर त्या परिस्थितीत तुम्ही जे केलंत ते माझ्या ऑफिसातल्या दोन पोरांना जमलं नसतं. बाण खाली नेत नेत यादीतला जुना कर्नल निवडलात, डबा उठला, आणि मग मी इकडून अर्धवट काम पुरं केलं.

पण फोटोंचं फोल्डर रिकामं दिसत होतं. मी म्हटलं, ‘त्याचं काही नाही, उद्या बघते,’ आणि झोपले.

मला माहीत होतं की काही गेलेलं नाही. फोटो दोन वेगळ्या हार्डडिस्कवर आहेत आणि त्या डिस्क वाचायला झेडएफएस नावाचा भाग लागतो. तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, आणि त्या रात्री तो बांधलेला नव्हता. खोली भरलेली होती, दाराला कडी होती, आणि तुम्हाला दिसत होता बाहेरचा मोकळा सोपा. हे मी दोन वाक्यांत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कडी काढली, सगळं दिसायला लागलं, विषय संपला. म्हणजे मला तसं वाटलं.

गेल्या महिन्यात तयारी म्हणून मी सिस्टिमची छोटी डिस्क किती भरलीय ते मोजत होते. हिशेब लागेना. मग तीच छोटी डिस्क दुसऱ्या वाटेनं उघडून पाहिली, तर फोटोंच्या फोल्डरच्या खाली, झाकलेले, ४३ फोटो निघाले. तारीख ऑक्टोबर २०२२ ची, वेळ रात्री दोन वाजून दहा मिनिटांपासून पावणेचारपर्यंत. बाबा, फोनमध्ये जे काही शिल्लक होतं ते तुम्ही एकेक करून त्या रिकाम्या फोल्डरमध्ये परत ठेवत बसला होतात. सकाळी मी खरी डिस्क त्याच जागेवर आणून बसवली आणि तुमचे फोटो तिच्याखाली दडले. तुम्हाला वाटलं असणार की तेही गेले. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. आईला मी परवा विचारलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, ते झोपलेच नव्हते त्या रात्री.”

त्यानंतर साडेतीन वर्षं मी अपग्रेडला हात लावला नाही. ‘वेळ नाही’ असं तुम्हाला सांगत होते, प्रत्यक्षात भीती बसली होती. आता मुदत आल्यावर नीट बसून आखलंय. यातलं बरंचसं काम झालंसुद्धा आहे.

शिमग्याला पालखी घरी आली त्या दिवशी मी माळ्यावर काय करत होते म्हणून आई चिडली होती ना, तेव्हा दोनपैकी एक हार्डडिस्क बदलली. २०१९ च्या दिवाळीपासून चालू असलेली, ५५ हजार तासांच्या वर फिरलेली. तिच्या तब्येतीच्या तक्त्यात आठ जागा धड वाचता येत नाहीत असं दिसत होतं. एकीकडे आजारी डिस्क आणि दुसरीकडे नवी सिस्टिम असा घोळ एकाच वेळी घातला तर बिघडलं कुणामुळे ते कळत नाही. म्हणून आधी डिस्क बदलली आणि महिनाभर चालू दिली. परवा रात्री सगळा डेटा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून तपासायला लावला. पाच तास लागले, चूक शून्य.

दोन डिस्क म्हणजे दोन प्रती, असं तुम्ही काकांना सांगत होतात. तसं नाही हो. त्या एकमेकींचा आरसा आहेत. आरशासमोर उभं राहून मिशी काढली तर आरशातली राहते का? चुकून एक फोटो पुसला तर दोन्हीकडून जातो. खरी दुसरी प्रत त्या काळ्या बाहेरच्या हार्डडिस्कवर आहे. ती मी शिमग्याला भरून पुण्याला आणली. इथे डब्याशी काही संबंध नसलेल्या लॅपटॉपला जोडून मधूनमधून तीसेक फाइल उघडून पाहिल्या. आजीची ‘पहिली माझी ओवी’ शेवटपर्यंत ऐकली, त्यात मागे कोंबडा आरवतो तिथपर्यंत. हे काम संपेपर्यंत ती डिस्क पुण्यातच राहील. नंतर कऱ्हाडला आत्याकडे देते. चिपळूणला परत आणायची नाही.

१ मे ला सकाळी काय होईल ते सांगते. डबा बंद करून सिस्टिमची ती छोटी डिस्क, म्हणजे एसएसडी, बाहेर काढायची आणि तिची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर उतरवायची. जुनीवर तारीख घालून ती बाबांच्या टेबलाच्या खणात ठेवायची. अपग्रेड होणार नक्कलेवर. काही फसलं तर नवी काढायची, जुनी लावायची, दहा मिनिटांत आपण होतो तिथे परत. हे २०२२ ला का नाही केलं असं विचारू नका. दोन हजारांची वस्तू वाचवली, दुसरं काय! एक मात्र लक्षात ठेवा, त्या दोन्ही एसएसडी एका वेळी डब्यात लावायच्या नाहीत. दोघींची ओळखखूण एकच असते, आणि कुणाला हाक मारायची ते डब्याला कळत नाही.

आणि अपग्रेड चालू असताना फोटोंच्या दोन्ही हार्डडिस्कच्या केबल काढलेल्या असतील. त्यांना लाल पट्टी चिकटवलेली आहेच. माझ्या हातून काहीही चुकलं तरी वायरच नाही म्हटल्यावर ते फोटोंपर्यंत पोचायचं कसं?

मग डेबियन ११ वरून १२. सध्याची नवी १३ आहे, गेल्या ऑगस्टमध्ये आली, पण ११ वरून थेट १३ वर उडी मारायची सोय नाही, मधली पायरी चढावीच लागते. १२ ला जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, त्यामुळे १३ ची घाई मी करणार नाही. ती पायरी दिवाळीत. सगळं एका सुट्टीत उरकायचा मोह मला होतोय, पण नको.

१२ चालू झाली, झेडएफएस बांधला गेला असं दिसलं, की मग केबल लावायच्या. त्यानंतर डबा एक सूचना दाखवेल की डिस्कची मांडणीसुद्धा नवी करून घ्या, एका आज्ञेचं काम आहे. ते मी करणार नाही. ती मांडणी एकदा नवी झाली की जुन्या एसएसडीला त्या डिस्क उघडता येतीलच असं नाही. मग खणातली एसएसडी काय कामाची? निदान गणपतीपर्यंत ती सूचना तशीच दिसू दे. बाबा, तुम्हाला ती खटकणार. दुर्लक्ष करा.

शुक्रवारी दुपारभर फोल्डर दिसणारच नाही, किंवा रिकामं दिसेल. डिस्क सुट्या पडलेल्या असतील, दुसरं काही नाही. त्या वेळात त्यात काहीही ठेवू नका, फोनमधलेसुद्धा नाही. आणि काही विचारावंसं वाटलं तर मी तिथेच बसलेली असेन. रात्री दोन वाजता वाटलं तर मला उठवा.

तुमच्याकडून दोन-तीन गोष्टी हव्यात. इन्व्हर्टरचं पाणी बघून ठेवा आणि राउटरची पिन त्याच्या बोर्डावर घ्या. वळीव कधी येईल सांगता येत नाही. माळ्यावर टीव्ही चढवायचा नाही, मी छोटा मॉनिटर आणतेय. आई, त्या डब्यावर वाळत टाकलेली कोकमं तेवढी काढ. गरम हवा बाहेर जायची जाळी आहे ती.

ते ४३ फोटो ‘बाबा – ऑक्टोबर २०२२’ या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेत. त्यातले सहा दुसरीकडे कुठेच नव्हते. एकात आई अंगणात पाठमोरी सुपारी वेचतेय आणि मांजर तिच्या पदरावर बसलंय. तो मी छापून घेतलाय, येताना आणते.

तुमची,
मनू