एच-इंडेक्स छापताना तो कुठला आणि कधीचा, हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या एखाद्या डॉक्टरांचे नाव 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत' आले की शहरपानावर ठळक बातमी येते. ती यायलाच हवी. ज्या शहरात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तिथे संशोधन करणाऱ्या डॉक्टरांचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र बातमीतला एच-इंडेक्सचा आकडा कुठून घेतला आणि कधीचा आहे, हे बहुतेक वेळा लिहिलेले नसते. पुढे तोच आकडा बढतीच्या अर्जात आणि निवड समितीपुढे जातो, म्हणून हे पत्र.

मुळात ही यादी म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरस्कार नव्हे. तिथले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या संशोधन-पेपरच्या डेटाबेसवरून ती काढतात. याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी फक्त एका वर्षातल्या सायटेशनची, म्हणजे इतर पेपरमध्ये झालेल्या उल्लेखांची. दोन्हींत फार अंतर आहे, कारण एखादा गाजलेला पेपर वर्षाच्या यादीत नाव आणू शकतो. यादीची एक गोष्ट मात्र चांगली आहे: संशोधक एकटाच लेखक आहे, पहिला आहे की शेवटचा, हे ती वेगळे मोजते आणि स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन किती टक्के, तेही दाखवते. बातमीत नेमके हेच गळते.

एच-इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. किमान 'क्ष' वेळा उल्लेख झालेले किमान 'क्ष' पेपर असतील, तर असा सर्वांत मोठा 'क्ष' म्हणजे एच-इंडेक्स. समजा सहा पेपरना अनुक्रमे ४०, १२, ९, ५, ४ आणि २ सायटेशन आहेत. किमान चार वेळा उल्लेख झालेले किमान चार पेपर आहेत, पण किमान पाच वेळा उल्लेख झालेले पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्या पेपरची ४० सायटेशन उद्या ४,००० झाली तरी तो ४ च राहतो. शिवाय तो वयाबरोबर वाढतो, कमी कधीच होत नाही. पंचविशी गाठलेली नोकरी आणि पाच वर्षांची नोकरी या आकड्यावर शेजारी ठेवणे हा सरळ अन्याय आहे.

एकाच व्यक्तीचा गूगल स्कॉलरवरचा आकडा स्कोपसपेक्षा बहुधा जास्त निघतो, कारण तिथे प्रबंध आणि प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच प्रसिद्ध केलेले पेपर) यांतले उल्लेखही धरले जातात. तिथे नवे पेपर आपोआप जोडण्याची सोय चालू ठेवली तर नामसाधर्म्याने दुसऱ्याचे पेपर येऊन बसतात. ती बंद करून प्रत्येक पेपर स्वतः तपासून घ्यावा. आपल्याकडे हा घोळ जास्त होतो. पबमेड या वैद्यकीय पेपरच्या डेटाबेसच्या शोधयादीत आडनाव आणि आद्याक्षरेच दिसतात. 'पाटील एस' शोधा, पाच-पन्नास जणांचे पेपर एकत्र येतील. लग्नानंतर मधले अक्षर किंवा आडनाव बदललेल्या डॉक्टर महिलांचे काम दोन प्रोफाइलांत विभागले जाते आणि दोन्हीकडचा एच-इंडेक्स खरा नसतो. संस्थेच्या पत्त्यात कुणी इंग्रजीत 'नाशिक' लिहितो, कुणी जुन्या वळणाचे 'नासिक', म्हणून कॉलेजचेही पेपर विखुरतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख ठेवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक. तो मोफत मिळतो. मग स्कोपसकडे प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती करावी आणि त्यानंतरच आकडा काढावा.

सहकार्याचे मोजमाप तर आणखी फसवे. जागतिक रोगभाराच्या अभ्यासांसारख्या पेपरना शेकडो लेखक असतात. पाचशे लेखकांच्या एका पेपरने एका झटक्यात ४९९ सहलेखक खात्यावर जमा होतात आणि त्याची हजारो सायटेशनही. व्हॉसव्ह्यूअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सहलेखकांचा नकाशा काढताना पंचवीसहून अधिक लेखकांचे पेपर वगळता येतात, किंवा 'फ्रॅक्शनल काउंटिंग' निवडून प्रत्येक पेपरचे श्रेय लेखकसंख्येनुसार विभागता येते. नकाशाआधी नावांची रूपे जुळवणारी फाइल दिली नाही, तर एकच माणूस दोन ठिपके होऊन बसतो. आमच्या मते नकाशापेक्षाही एक साधा प्रश्न जास्त सांगून जातो: त्याच बाहेरच्या संस्थेबरोबर दुसरा, तिसरा पेपर झाला का?

शरीररचनाशास्त्रातल्या आकड्यांची कर्करोग-संशोधनातल्या आकड्यांशी तुलना करू नये. पबमेडवरच्या पेपरसाठी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचे 'आयसाइट' हे साधन मोफत आहे. त्यातल्या सायटेशन-गुणोत्तरातला १ म्हणजे त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरचा मध्यक. पट्टी कडक आहे, पण विषयानुसार लावलेली आहे. इम्पॅक्ट फॅक्टर इथे आणूच नये. पेपरमागे सरासरी किती सायटेशन, हे सांगणारा तो आकडा नियतकालिकाचा असतो, डॉक्टरांचा नव्हे.

आकड्यांत न मावणारेही काम असते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला. सुरगाणा किंवा पेठच्या आरोग्य केंद्रात ती गोळी देऊन रुग्ण वाचवणारा डॉक्टर त्यावर पेपर लिहीत नाही, मग सायटेशन कुठून येणार? निवड समित्यांनी पाच निवडक पेपर मागवून ते वाचावेत आणि प्रत्येकात उमेदवाराने स्वतः काय केले, हे विचारावे.

आपल्याला विनंती एवढीच की, अशा बातमीत डेटाबेसचे नाव, आकडा काढल्याची तारीख, यादी कारकिर्दीची की एका वर्षाची, आणि स्वतःची सायटेशन वगळून आकडा किती, या चार गोष्टी द्याव्यात. चौकटीत दोन ओळी पुरतील.

आपले,
वैद्यकीय ग्रंथालयात काम करणारे दोन वाचक, नाशिक