दादरला प्लॅटफॉर्म वाढले नाहीत हो, एक कमी झालाय!

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मी सातारला परत आल्यापासून तुमचा पेपर घरी रोज येतो, म्हणून आधीच सांगतो की रागानं लिहीत नाहीये. पण गेल्या रविवारी तुम्ही मुंबईला जाणाऱ्यांसाठी जी माहिती छापली त्यात दादरबद्दल एक वाक्य होतं, की तिथं नवे प्लॅटफॉर्म बांधून आता एकूण चौदा केलेत. ते वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. नवे कुठले बांधलेत? आधी वेस्टर्न रेल्वेचे सात आणि सेंट्रल रेल्वेचे आठ असे पंधरा होते, त्याचे चौदा झालेत. एक गेलाय. आणि जो गेला तो नेमका कुठला ते मला चांगलं ठाऊक आहे, ते शेवटी सांगतो.

मी १९७८ ला नोकरीला मुंबईला गेलो आणि २०१२ ला रिटायर झालो, राहायला डोंबिवली, ऑफिस लोअर परळला. म्हणजे रोज सकाळी सेंट्रलनं दादर, जिना चढायचा, पूल ओलांडायचा, जिना उतरून वेस्टर्न पकडायची, संध्याकाळी हेच उलटं. चौतीस वर्षं. आमच्या गावाकडच्या घरात माळ्यावर जायच्या जिन्याला आजी दादर म्हणायची, आणि पहिल्याच आठवड्यात मला वाटलं की या स्टेशनला नाव ठेवणारा माणूस आपल्याच भागातला असावा. स्टेशन कसलं, निस्ते जिने.

आता हे असं का झालं ते लोकांना माहीत नसतं. दादर हे मुळात एक स्टेशन नाहीच, शेजारी शेजारी ठेवलेली दोन स्टेशनं आहेत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली ती जीआयपी कंपनीची, ती लाइन भायखळा परळ करत दादरवरूनच पुढं जाते. दुसरी बीबीसीआय कंपनी, तिची लाइन गुजरातकडून समुद्राच्या अंगानं खाली आली आणि १८६७ साली विरारहून बॅकबेपर्यंत लोकल सुटली. या दोन कंपन्या म्हणजे दोन सवते भाऊ, खालच्या बाजूला लांब लांब असतात, परळपासून अगदी भिंतीला भिंत लावून चालतात आणि दादर सुटलं की परत फाटतात. पण स्टेशनं मात्र प्रत्येकानं आपापली बांधली, आपापलं तिकीटघर, आपापले पूल आणि आपापला एक नंबर. सेंट्रलचं परळ तर तिथंच वेस्टर्नचं एल्फिन्स्टन रोड, सेंट्रलचं माटुंगा तर वेस्टर्नचं माटुंगा रोड. एकच नाव दोघांनी ठेवलं ते फक्त दादरला, आणि तिथंच सगळा घोळ झाला. ५ नोव्हेंबर १९५१ ला कंपन्यांची नावं जाऊन मध्य आणि पश्चिम रेल्वे झाली, तीही दोघांची एकाच दिवशी, पण म्हणून काय घर एक झालं नाही. वाटणी तशीच राहिली.

तर हे दोन एक नंबर. मधल्या मोठ्या पुलावर उभं राहून तोंड कल्याण-बोरिवलीकडं केलं की डावा हात पश्चिम, म्हणजे फुलबाजार, प्लाझा, शिवाजी पार्क, आणि उजवा हात पूर्व, म्हणजे टीटी, जिथं आपल्या एसट्या लोकांना उतरवतात. वेस्टर्नचा एक नंबर अगदी डाव्या टोकाला, फुलबाजाराच्या अंगाला. तिथून मोजत आलं की सात नंबरला वेस्टर्न संपते, आणि लगेच सेंट्रलचा एक नंबर सुरू व्हायचा, म्हणजे तो टोकाला नाही तर मधोमध. आणि सेंट्रलचे आकडे वाढत वाढत टीटीकडं जायचे. वेस्टर्नला तीन, सेंट्रलला पण तीन, वेस्टर्नला पाच, सेंट्रलला पण पाच. नवा माणूस पुलावर उभा राहून पाटी बघायचा आणि त्याला वाटायचं की आपण पाच नंबर मागं टाकून आलो, परत पाच कसा आला! यावर इतकी वर्षं कुणी काही केलं नाही याचंच नवल, कारण नुसता रंगाचा डबा लागणार होता.

शेवटी ९ डिसेंबर २०२३ ला केलं. तारीखही बघा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला लाखो माणसं दादरला उतरतात, त्यानंतर तीनच दिवसांनी. वेस्टर्नचे एक ते सात तसेच ठेवले आणि सेंट्रलचा एक नंबर आठ झाला, तिथून पुढं चौदापर्यंत. आता तुम्ही म्हणाल आठ प्लॅटफॉर्मना आठपासून मोजलं तर पंधरा व्हायला पाहिजे. बरोबर. पण त्याच्या आधीच सप्टेंबरमधे सेंट्रलचा दोन नंबर बंद केला होता आणि त्या जागेत एक नंबर रुंद केला, म्हणून जुना एक म्हणजे आठ आणि जुना तीन म्हणजे नऊ, मग चारचा दहा, पाचचा अकरा असं करत जुना आठ तो चौदा. म्हणजे सहा मिळवायचे, फक्त एक नंबरला सात मिळवायचे. (पुढं नऊ आणि दहाच्या मधे परत ए लावायची एक भानगड केलीय, ती मी लिहीत नाही, डोकं फिरेल.) हा बदल चांगलाच झाला. माझं म्हणणं एवढंच आहे की नंबर बदललेत हे छापताना प्लॅटफॉर्म बांधलेत असं छापू नका, कारण त्यानं माणूस जुनं तेही जागेवर आहे असं समजतो.

आणि हे मी बोलतोय ते अनुभवावरून, चूक माझीच होती. गेल्या वर्षी पुतण्या परीक्षेला ठाण्याला निघाला, आयुष्यात पहिल्यांदा एकटा. एसटीनं टीटीला उतरला आणि फोन केला, काका आता काय करू. मी इथं पोवई नाक्यावर भाजी घेत उभा, मोठ्या ऐटीत सांगितलं, पूल चढ, एक नंबरवर जा आणि स्लो गाडी पकड. पोरगं आज्ञाधारक. चौदा नंबरपासून चालायला लागलं, तेरा बारा अकरा असं करत आठ नंबरच्या डोक्यावरून पुढं गेलं, म्हणजे जिथं उतरायला पाहिजे होतं बरोबर त्याच्याच वरून, आणि सगळा पूल ओलांडून त्या टोकाला एक नंबरवर उतरून बोरिवली स्लोमधे बसलं. अंधेरीहून फोन, काका ठाणं कधी येतंय? नशीब परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. घरात अजून मला या गोष्टीवरून बोलतात, आणि वहिनीनं तर सरळ सांगितलंय की भावजींना विचारून मुंबईला जायचं नाही.

असे माझ्यासारखे जुने मुंबईकर साताऱ्यात, कोरेगावात, वाईत, कराडात घरोघरी आहेत. कोण गिरणीत होतं, कोण गोदीत, कोण बीएसटीत. १९८२ च्या संपानंतर कितीजण परत आले. त्या सगळ्यांच्या डोक्यात जुने नंबर छापलेत आणि गावातनं मुंबईला जाणारं प्रत्येक पोरगं आधी यांनाच विचारतं. रेल्वेच्या पाट्या बदलल्या पण आमची तोंडं कोण बदलणार. म्हणून पेपरात नीट येणं गरजेचं आहे.

अजून एक, तुमच्या त्या माहितीत पुलाबद्दल एक ओळ पण नव्हती. दादरला धोका प्लॅटफॉर्मवर नाही, जिन्यावर आहे. दोन रेल्वेची माणसं एकमेकांकडं जायला मधला पूलच वापरतात, दोन्हीकडं गाड्या एकदम आल्या की जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. एक स्टेशन अलीकडं, परळ आणि एल्फिन्स्टनला हेच होतं, तीच रचना, दोन स्टेशनं आणि मधे अरुंद पूल. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, लोक जिन्यावर थांबून राहिले, मागनं येणारे येतच राहिले, आणि २३ माणसं गेली. तो जिना मी कितीदा उतरलोय. नंतर लष्करानं तिथं नवीन पूल बांधला, एल्फिन्स्टनचं नाव प्रभादेवी झालं. म्हणून आपल्या लोकांना सांगा की गाडी आली तरी जिन्यावर पळू नका, मुंबईत पुढची गाडी पाच मिनिटांत असते, ती काय आपल्या साताऱ्याच्या माहुली स्टेशनातली गाडी नाही की गेली म्हणजे दिवस गेला.

माहुलीवरून आठवलं. आमच्या वडलांच्या वेळी मीटरगेज होती, मुंबईला जायचं तर पुण्याला गाडी बदलावी लागायची, १९७१ ला ब्रॉडगेज झाली तेव्हा कुठं ते थांबलं. आता कोयना दादरला थांबते. ती मोठ्या गाड्यांच्या प्लॅटफॉर्मवर येते, टीटीच्या अंगाला, त्यामुळं लोकल पकडायची असेल तर पूल चढून वेस्टर्नच्या दिशेनं यायचं. नवीन दादर-सातारा एक्सप्रेस पण आहे, पण ती पंढरपूर-मिरज करून येते, विठोबाचं दर्शन घ्यायचं असेल तरच बसा. आणि हार्बरची गाडी दादरला येत नाही, पनवेल-वाशीवाल्यांनी कुर्ला नाहीतर वडाळा. भुयारी मेट्रोचं दादर पण वेगळं आहे, गोखले रोडच्या बाजूला, प्लॅटफॉर्मवरून तिथं जिना उतरून जाता येईल असं समजू नका.

तर दुरुस्ती छापा एवढी विनंती, आणि जमलं तर जुना नंबर आणि नवा नंबर शेजारी शेजारी छापा, लोक कापून पाकिटात ठेवतील. मी असा तक्ता आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

आणि तो गेलेला दोन नंबर. दादरहून सुटणारी लोकल तिथं लागायची, बाकीच्या गाड्या सीएसटीहून भरून यायच्या, ही रिकामी. संध्याकाळी वेस्टर्नवरून पळत पळत येऊन ती मिळाली की खिडकी मिळायची आणि डोंबिवलीपर्यंत झोप. दोन नंबर बंद झाला तशा त्या गाड्या आता परळहून सुटतात. म्हणजे दादरला येईपर्यंत खिडक्या गेलेल्या असणार.

आपला,
एक जुना वाचक, सातारा