सील चुकीचं पाठवलं तुम्ही, आणि म्हणता ‘घरी उघडलं’

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (बोट इंजिन व सुटे भाग)

विषय : गिअरकेसच्या सील किटमध्ये चुकीच्या मापाचं सील निघाल्याबाबत व आपण दिलेल्या उत्तराबाबत

महोदय,

नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, माझी मासेमारीची बोट चालते. तिला आपल्या कंपनीचं चार स्ट्रोकचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं, मशीन आहे. वॉरंटी कधीच संपली, त्यामुळे फुकट दुरुस्ती मागायला हे पत्र लिहीत नाही. आपण पैसे घेऊन विकलेल्या किटमध्ये एक सील (गिअरकेसमध्ये, म्हणजे गिअरच्या पेटीत, शाफ्टभोवती बसून तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) भलत्याच मापाचं निघालं. ते दाखवून दिल्यावर ‘घरगुती दुरुस्तीची जबाबदारी कंपनी घेत नाही’ असा मेल आला. माझी तक्रार त्या सीलबद्दल आहे आणि त्याहून जास्त या मेलबद्दल आहे.

झालं असं, की पंख्याच्या मागे पाण्यावर तेलाचा तवंग दिसायला लागला. मशीन घरी आणून स्टँडवर चढवलं आणि गिअर ऑइल काढलं, तर ते ताकासारखं पांढुरकं. म्हणजे तेल बाहेर येत होतंच, पाणीही आत शिरत होतं. पंखा उतरवला तर शाफ्टला तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा दोरा) करकचून गुंडाळलेला, आणि त्यानं सीलची कड कापलेली. तुटक्या जाळ्यांचा तंगूस आमच्याकडे पाण्यात असतोच, त्याचा दोष कंपनीला देत नाही. ड्रेन बोल्टच्या चुंबकाला नुसता करडा बारीक लगदा होता, कीस किंवा तुकडा नव्हता, म्हणजे गिअर शाबूत. शाफ्टवर नख ओढून पाहिलं, खाच लागली नाही. काम फक्त सील, ओ-रिंग आणि बोल्टखालचे वॉशर बदलण्याचं होतं.

हेल्पलाइनवरच्या मुलानं आधी मशीन मुंबईला आणा म्हणून सांगितलं. पैठणला बोट कशाला लागते, असंही विचारलं. त्याला पैठण म्हटल्यावर पैठणीच आठवली असावी. ज्या जलाशयाची लांबी साधारण 55 किलोमीटर सांगतात, त्यात वल्ह्यावर किती जायचं आणि वारा सुटल्यावर मधोमध मशीन अडकलं तर काय करायचं, हे त्याला कुठून कळणार? शेवटी त्यानंच किट मागवायला सांगितलं. किटच्या खोक्यात बसवण्याच्या पद्धतीचा चित्रांसकट कागद आहे, तो आपल्याच कंपनीचा. ग्राहकानं घरी उघडायचंच नसेल, तर तो कागद कुणासाठी छापलाय?

आता मुद्द्याचं. जुन्या दोन्ही सीलवर 20×35×7 (आतलं भोक, बाहेरचं माप आणि जाडी, मिलिमीटरमध्ये) असं कोरलेलं आहे. किटमधल्या एका सीलवर तेच आहे, दुसऱ्यावर 22×35×7. बाहेरचं माप सारखंच असल्यामुळे ते गिअरकेसमधल्या सीलच्या जागेत बरोबर बसतं, पण आतलं भोक 2 मिलिमीटरनं मोठं, त्यामुळे कड शाफ्टला धरतच नाही. बसवायच्या आधीच मी फोटो काढून हेल्पलाइनला पाठवला. उत्तर आलं, ‘पाकिटावरचा पार्ट नंबर बरोबर आहे, बसवा, ऑइल लागल्यावर धरेल.’ हा मेसेज माझ्याकडे आहे.

तुमच्या सांगण्यावरून बसवलं. आपल्याच चित्राप्रमाणे आतल्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे, बाहेरच्याची पाण्याकडे, कडेला ग्रीस. तेल भरण्याआधी गिअरकेसमध्ये हलकी हवा भरून शाफ्टपाशी साबणाचं पाणी सोडलं, तर बुडबुडे सुरू. मशीन पाण्यात उतरवलंच नाही, म्हणून तेलाचं नुकसान टळलं. पण एकदा दाबून बसवलेलं सील काढताना कामातून जातं, त्यामुळे बरोबर मापाचं दुसरं सीलही वाया गेलं.

बाजारात या मापाचं सील मिळत नाही असं नाही. संभाजीनगरला बेअरिंगच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतं. पण त्याची स्प्रिंग साध्या पोलादाची, पाण्यात गंजून जाते. स्टेनलेसच्या स्प्रिंगचं हवं म्हणूनच आपल्या किटचे चौपट पैसे मोजले.

गळकं मशीन तसंच रेटायचं म्हटलं तर तेही जमणारं नाही. संभाजीनगर आणि जालना ही शहरं याच धरणाचं पाणी पितात, आणि 1986 पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. तिथं तवंग सोडत फिरणं मला पटत नाही. म्हणून बोट काठाला बांधून आहे आणि हंगामाचे दिवस जाताहेत.

माझी मागणी अशी. 20×35×7 मापाची दोन्ही सील, ओ-रिंग आणि दोन वॉशर कुठलेही पैसे न घेता पाठवावेत. पहिल्या किटची रक्कम परत करावी. पाकिटावर एक आणि आत दुसरंच, असं त्या लॉटमध्ये आणखी किती पाकिटांत आहे ते तपासून मला लेखी कळवावं. फोटो न पाहता पाकिटावरचा नंबर वाचून उत्तरं द्यायची ही पद्धत असेल, तर माझ्यासारखे आणखी काही जण सध्या स्वतःच्याच मशीनच्या शाफ्टला दोष देत बसले असतील.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो तिथं तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घेतलं आहे. त्या तारखांना मुंबईहून कुणाला तरी पैठणच्या वाटेला लागावं लागेल.

बिल, दोन्ही सीलचे व्हर्निअर (बारीक माप घेण्याचं साधन) लावून काढलेले फोटो, हेल्पलाइनचा मेसेज आणि आपला मेल सोबत जोडला आहे. काढलेली सील माझ्याकडे जपून ठेवली आहेत. आपला माणूस आला तर दाखवीन, पोस्टानं पाठवणार नाही.

आपला ग्राहक,
(सही)
मच्छीमार, ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर