दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तंटेही मिटावेत

महोदय,

येत्या २ ऑक्टोबरला गावोगावी गांधीजींच्या तसबिरीला हार घातले जातील, प्रभातफेऱ्या निघतील आणि ग्रामसभाही भरतील. आम्हा वर्धा जिल्ह्यातल्या लोकांना या दिवसाचे अप्रूप अधिकच, कारण १९३६ पासून गांधीजी ज्या सेवाग्रामात राहिले ते आमच्या हाकेच्या अंतरावर आहे आणि तेथील प्रार्थनेला व सूतकताईला आमच्या गावातूनही माणसे जातात. भारताने मांडलेला ठराव १५ जून २००७ रोजी संमत करून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा दिवस आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन म्हणून जाहीर केला. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, १५ ऑगस्ट २००७ रोजी, महाराष्ट्रात गावचे तंटे गावातच सामोपचाराने मिटवण्यासाठी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिची आठवण मात्र आता या दिवशी क्वचितच निघते, म्हणून हे पत्र.

आमच्या गावच्या तंटामुक्त समितीवर मी काही वर्षे काम केले. ऑक्टोबर हा आमच्याकडे सोयाबीन काढणीचा महिना, आणि गावातली निम्मी भांडणे याच दिवसांत डोके वर काढतात. मळणीयंत्र शेतात न्यायचे तर पांधण, म्हणजे शेताकडे जाणारी वाट, हवी, आणि ती कोणीतरी काट्या टाकून अडवलेली असते किंवा नांगरून शेतात घेतलेली असते. एका वर्षी दोन चुलत भावांचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद समितीपुढे आला. सहा वर्षे बोलणे बंद होते, एकमेकांच्या लग्नकार्यालाही जाणे-येणे नव्हते. आम्ही दोघांना देवळात न बोलावता सरळ धुऱ्यावर नेले आणि दोघांच्याही हातात टेपचे एकेक टोक दिले. फरक निघाला जेमतेम दीड हाताचा. थोरल्याने टेप खाली ठेवली आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग धाकट्याने स्वतःच बाभळीच्या काट्या ओढून बाजूला टाकल्या. त्या दुपारी मला अहिंसा जेवढी कळली तेवढी कोणत्याही भाषणातून कळली नव्हती.

गांधीजींची वकिलीही याच वाटेने गेली, हे येथे सांगितले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत त्यांचे अशील असलेले व्यापारी दादा अब्दुल्ला आणि त्यांचे नातलग तय्यब शेठ यांच्यातील मोठ्या रकमेचा दावा त्यांनी दोघांची समजूत घालून लवादाकडे नेला. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. पण एकरकमी वसुली झाली असती तर तय्यब शेठ धुळीला मिळाले असते, म्हणून गांधीजींनी आपल्याच अशिलाला रक्कम हप्त्याहप्त्याने घेण्यास राजी केले, आणि लवाद जमवण्यापेक्षा हे काम त्यांना अधिक कठीण गेले. जिंकलेल्याने हात सैल सोडल्याशिवाय तंटा मिटत नाही, हा अनुभव समितीवर बसलेल्या प्रत्येकाचा आहे.

सुरुवातीची काही वर्षे या मोहिमेला मोठा जोर होता, तंटामुक्त ठरलेल्या गावांना पुरस्कारही मिळत होते. पुढे पुष्कळ गावांत, आमच्याही गावात, वेशीवरची तंटामुक्तीची पाटी तेवढी राहिली आणि समितीची बैठक नावापुरती उरली. परिणामी पांधणीचा साधा वाद तहसीलपर्यंत जातो, तारखांमागून तारखा पडतात आणि तोवर एखाद्या हंगामात प्रकरण हातघाईवर येते. पैशाने वा जोराने वरचढ असलेला माणूस तडजोडीच्या नावाखाली दुबळ्याला दाबतो, हा आक्षेपही खोटा नाही; महिलांवरील अत्याचाराची प्रकरणे तर समितीने कधीही हाती घेऊ नयेत. पण धुरा, पांधण, सांडपाणी, भावकीतली वाटणी यांसाठी गावाइतके जवळचे न्यायपीठ दुसरे नाही.

म्हणून सरपंच व ग्रामसेवकांना माझी विनंती आहे की, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या नोटिशीत प्रलंबित तंट्यांचा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा, समितीत महिलांना व तरुणांना बसवावे आणि सभा संपताच ज्यांची तयारी असेल त्या दोन्ही पक्षांना घेऊन शेतावर जावे. आमच्या गावात सध्या पांधणीचे दोन अर्ज पडून आहेत आणि सोयाबीन पिवळे पडू लागले आहे.

आपला विश्वासू,
तंटामुक्त समितीचा एक माजी सदस्य,
जि. वर्धा