आर्क तुटतो, आणि दोष मशीनला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाण्याखाली वेल्डिंग करताना आर्क (रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यात पेटती राहणारी विजेची ज्योत) टिकेना की सगळे मशीनकडे बोट दाखवतात आणि पुढच्या निविदेत जास्त अँपिअरचा संच मागितला जातो. गुजरातमधल्या दहेज बंदराच्या जेट्टीसारख्या कामांवर वडोदऱ्याहून माणसं नि सामान धाडणाऱ्यांनी आधी रॉड आणि केबल तपासावी, ही विनंती.

पाण्यात रॉड जळतो तेव्हा आतली तार आधी वितळते, फ्लक्स, म्हणजे तारेवरचा लेप, मागे राहतो आणि टोकाला वाटी होते. वायूचा बुडबुडा या वाटीतून सुटतो, त्यात बराचसा हायड्रोजन. सेकंदाला १०-१५ वेळा तो फुगतो नि फुटतो. वाटीची कड शाबूत असेल तर आर्क तेवढ्यातूनही निभावतो. फ्लक्स भिजून खपली निघाली की पाणी थेट आत शिरतं. म्हणून रॉड आधी वाळवावा, मगच त्याला वॉर्निशचा किंवा मेणाचा थर द्यावा. दमट रॉडवर वॉर्निश मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. होल्डरकडचं (रॉड धरणाऱ्या पकडीकडचं) आणि पेटवायचं टोक तेवढं उघडं ठेवावं. पाणबुड्याने एका खेपेला मोजकेच रॉड न्यावेत. भिजून वर आलेला रॉड वाळवून पुन्हा खाली धाडायची काटकसर नको.

रॉड नि जॉब (जोडायचं लोखंड) यांच्यात हवेतल्यासारखं अंतर इथे चालत नाही. वाटीची कड जॉबवर टेकवून, हलका दाब देत रॉड ओढायचा.

आता केबल. ७० चौरस मिमी तांब्याची केबल १०० मीटर जाऊन १०० मीटर परतते, तेव्हा २०० अँपिअरला सुमारे ११ व्होल्ट वाटेतच जातात. ३५ चौरस मिमीची घेतली तर सुमारे २२ व्होल्ट! आर्कला साधारण २५-३० व्होल्ट लागतात, खोलीबरोबर थोडे अधिकच. त्यात रबराला नखाएवढा चिरा असला तर खाऱ्या पाण्यात करंट गळतो आणि तांबंही खाल्लं जातं. अर्थिंगचा क्लॅम्प शिंपले-गंज खरवडून चकचकीत केलेल्या लोखंडावर, जोडाच्या जवळ लावावा. क्लॅम्प आणि रॉड यांच्या मधे पाणबुड्या कधीच नको.

करंट डीसीच, रॉड निगेटिव्हला. उलट जोडलं तर होल्डर झिजतो. एसी पाणबुड्याच्या जिवावर बेतू शकतो. रॉड बदलताना वरचा स्विच बंदच हवा.

निविदेत मशीनच्या अँपिअरशेजारी आणखी एक आकडा मागावा: पूर्ण लांबीची केबल जोडून, २०० अँपिअरवर आर्क चालू असताना मशीनपाशी आणि होल्डरपाशी मोजलेल्या व्होल्टेजमधला फरक.

आपले,
वेल्डिंग क्षेत्रातील काही वाचक, वडोदरा