टिप्याच्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, तुम्हाला विचारलं नाही म्हणून तुमचं नाव लिहीत नाही, पण हे वाचलं की तुम्हाला कळेलच.

माझं माहेर तासगावकडचं. सीझन झाला की बेदाण्याची पिशवी येतेच आणि घरात कोणी आलं की हातावर मूठभर ठेवायचे ही आमची पद्धत. माझ्या ९ वर्षांच्या लेकीनं आमच्या कुत्र्याला, टिप्याला, तेच केलं. बिस्किटं देऊ नको म्हणून मीच ओरडले होते, म्हणून तिनं बेदाणे दिले, तेही मायेनं. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात हे द्राक्षाच्या पट्ट्यात वाढलेल्या मला त्या दिवशी कळलं, तेही तुमच्याकडून.

कारण तुमच्याआधी ज्यांना फोन केला ते म्हणाले, बेदाण्यानं काय होतंय, गावठी कुत्रं आहे, पचवतंय सगळं, उद्या बघू. टिप्या तेव्हा दोनदा उलटी करून कोपऱ्यात पडला होता. फोन स्पीकरवर होता, पोरगी ऐकत होती, आणि शेवटी ते म्हणाले, लहान पोरांच्या हातात जनावर देताच कशाला. हे वाक्य मी अजून विसरले नाही, तीही विसरली नसेल.

सलाईन, इंजेक्शन, दोन दिवसांची ये-जा, ते सगळं सांगत बसत नाही. मला त्या कागदाचं सांगायचंय. पोरगी दाराशी उभी होती, टिप्याला हात पण लावत नव्हती. तुमचा फोन सारखा वाजत होता, कुणाची तरी म्हैस अडली होती, तरी तुम्ही तिच्यासमोर लादीवर मांडी घालून बसलात आणि विचारलंत, बाळा, किती दिलेस? तिनं मूठ करून दाखवली, दोनदा. तुम्ही म्हणालात, खरं सांगितलंस म्हणून मला लगेच उपचार करता येतायत. मग पॅडचा कागद फाडून त्यावर रेघा मारल्यात, वेळ, पाणी, शू, उलटी, आणि तुमचा पेन तिच्या हातात दिलात. हे मला आई नाही, तू सांगायचंस.

किडनी चालू आहे का नाही हे घरी शू वरून कळणार होतं ना, म्हणून दोन रात्री ती अलार्म लावून उठली. मी टॉर्च धरायची आणि ती लिहायची. "३.१० शू केली, भरपूर." ते भरपूर वाचून मी अंगणातच रडले मॅडम.

लेकराला ओरडायला एक सेकंद लागतो हो, आणि त्या दिवशी सगळेच ओरडत होते, मी सुद्धा. अशा वेळी कोणीतरी खाली बसून त्याच्याशी माणसासारखं बोलतं, याची किंमत पैशात कशी करायची.

आता सकाळचं पाणी, संध्याकाळचं फिरवणं, ताटली घासणं सगळं तीच बघते, सांगावं लागत नाही. डब्यावर तिनं चिठ्ठी लावलीय, बेदाणे, द्राक्षं, चिंच, कांदा, चॉकलेट टिप्याला नाही. परवा आजोबांनी आमटी-भात टाकला तर त्यांना थांबवून विचारलं, यात चिंच आहे का? आजोबांनी मुकाट्यानं ताटली उचलली.

तुमचा पेन अजून तिच्या दप्तरात आहे. पुढच्या लसीला येऊ तेव्हा ती स्वतः परत देणार आहे, आणि कागद पण दाखवणार आहे, दोन्ही बाजू भरल्यात.